गयाबाईचं अक्षर

इकडं ये ऋतू, अशी जवळ बस. पुण्याच्या खोलीत बसली असलीस तरी मनानं इकडं सरक, आणि आधी आजीचे दोन शब्द ऐकून घे. आठ दिवस झाले, फोन बंद. तुझी आई मला विचारते, तुझा फोन तरी उचलते का गं ती. मी लावला की ती बाई बोलते, आपण ज्यांना फोन केला त्यांचा फोन बंद आहे म्हणून. त्या बाईशी माझी आता चांगली ओळख झालीय. नोकरी मिळाली नाही म्हणून आजीशी बोलणं कोणी सोडतं का? मी काय त्या कंपनीची मालकीण आहे?

रागावत नाही, बस. फोन बंद करायच्या आधी तू एक वाक्य बोललीस ते आठवतं का तुला? तीन तीन मुलाखती झाल्या, आता फक्त कागद हातात यायचा राहिला असं तू मला सांगितलं होतंस, आणि मग त्यांचा नकार आला. तवा तू म्हणालीस, आजी, माझ्यातच काहीतरी कमी असंल. तू फोन ठेवलास, पण ते वाक्य काही माझ्याकडून ठेवलं गेलं नाही. कारण तसलंच वाक्य एका चांगल्या बाईच्या गळ्यात एकदा मीच बांधलं होतं. तिची गोष्ट तुला सांगायला म्हणून ही वही काढलीय. मी चौथी शिकलेली. पुढचं सगळं किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. जिथं लागणार नाही तिथं आईला विचार. आणि हे माझं अक्षर ध्यानात ठेव, पुढं त्याचं काम आहे.

गयाबाई तू पाहिलेली आहेस. तीर्थपुरीच्या बाजारात भांड्याच्या दुकानाबाहेर छत्री लावून, स्टीलवर नावं टाकत बसते ती. लहानपणी तू तिच्यापुढं उकिडवी बसून ती मशीनची घरघर ऐकायचीस, आणि उठ म्हटलं की रडायचीस. ठेंगणी बाई. दाराची वरची कडी काढायला टाचा उचलाव्या लागतात. चालणं एकदम जल्दी, बोलणं मात्र सावकाश, आणि प्रत्येक बोलण्याच्या शेवटी "बराबर". तुम्ही म्हणा ऊन वाढलं, ती म्हणणार बराबर. तुम्ही म्हणा ऊन कमी झालं, तरी बराबर. आणि एक सवय, काही लिहायच्या आधी बोटांवर फुंकर मारायची. शाळेत पाटीवरची धूळ उडवायला लागलेली सवय, ती तशीच राहिली.

पण तिची खरी सवय वेगळीच होती. तिला कोणी नाही म्हटलं की ती तिसऱ्या दिवशी त्या दारात जायची. भांडायला नाही, हातापाया पडायलाही नाही. डोक्यावरून पाणी घेऊन, धुतलेलं लुगडं नेसून जायची आणि एकच विचारायची, "काय कमी पडलं तेवढं सांगा." तिसऱ्याच दिवशी का, असं मी एकदा तिला विचारलं होतं. ती म्हणाली, पहिल्या दिवशी आपल्याला राग असतो, दुसऱ्या दिवशी त्यांना वाटतं ही आता रडायला येईल. तिसऱ्या दिवशी दोन्हीकडची माणसं माणसात येतात.

शाळेत खिचडी शिजवायला बाई पाहिजे होती, तवाची गोष्ट. गयानं नाव दिलं. तिला सोडून दुसरीला घेतलं. तिसऱ्या दिवशी गया शाळेत हजर. हेडमास्तर भला माणूस, त्यानं तिला थेट चुलीपाशी नेलं आणि म्हणाला, बाई, हे पातेलं बघा आणि तुमची उंची बघा. ढवळायला गेलात तर तुम्हीच खिचडीत पडाल. तिनं टाचा उचलून पातेल्यात वाकून पाहिलं म्हणे, आणि म्हणाली, बराबर. घरी येताना सगळ्या गल्लीला हसत सांगत आली. मी म्हटलं, गया, तुला वाईट न्हाई वाटलं? तर म्हणाली, "खऱ्या कारणाचं वाईट वाटत न्हाई काकू. उंची कमी हाय तर हाय. खोट्या कारणाचं माणूस काय करणार?"

हे ती मला म्हणाली होती, ऋतू. मला. माझ्याच ओसरीत बसून.

त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या महिला मंडळानं देवळामागच्या खोलीत बालवाडी काढायचं ठरवलं. मी मंडळाची अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे काय, तर मधल्या खुर्चीवर बसायचं आणि चहा आधी घ्यायचा. पण मला ती खुर्ची फार आवडायची, खोटं कशाला बोलू. बालवाडीला ताई पाहिजे होती. गया दहावी झालेली, तिनं अर्ज दिला. आणखी एक अर्ज आमच्या वर्षाचा, म्हणजे माझ्या दिराच्या सुनेचा. आमच्या सचिवबाई हुशार होत्या. त्या म्हणाल्या, तोंडी विचारून काही कळत नाही, दोघींनी अर्धा अर्धा तास लेकरं सांभाळून दाखवा.

वर्षानं पुस्तक उघडलं आणि खाली मान घालून वाचत बसली. लेकरं एकामागं एक बाहेर सटकली. शेवटी तिच्यापुढं एकच राहिलं, आणि तेही झोपलेलं होतं. मंग गया आली. तिच्या ओटीत चिंचोके होते. तिनं ते जमिनीवर ओतले आणि काहीच न बोलता चिंचोक्याला चिंचोका लावत "ग" काढायला लागली. बाहेर गेलेली लेकरं दारातून डोकावली. ती म्हणाली, हा माझा ग हाय, कोणाला हात लावू देणार न्हाई. झालं. सगळी पोरं आत. शेजारचं एक लेकरू वर्षभर आईचा पदर सोडत नव्हतं, ते चार चिंचोके घेऊन कोपऱ्यात स्वतःचा ग काढत बसलं. अर्धा तास संपला तर लेकरं उठेनात. सचिवबाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि हसल्या. मीही हसले. इथपर्यंत मी चांगली होते.

पण आदल्या दुपारीच माझी जाऊ, वर्षाची सासू, माझ्याकडं येऊन गेली होती. आमच्या दोघींच्या घराची भिंत एक. इकडं फोडणी दिली की तिकडं ठसका. ती म्हणाली, खुर्ची घरची, अन् घरच्या सुनेलाच न्हाई म्हणणार का? मी तिला हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. आणि बैठकीत सचिवबाई गयाचं नाव घेत असताना मी म्हणाले, वर्षा बारावी आहे, शिक्षण बघायला पाहिजे. मधल्या खुर्चीतली बाई बोलली की बाकीच्या गप्प बसतात. गयाकडं निरोप गेला की झालं नाही.

मंग मी दिवस मोजायला लागले. एक गेला, दोन गेले. मला वाटलं यावेळेला ती येणार नाही, आपल्याच गल्लीतली आहे, समजून घेईल. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीत ज्वारी पाखडत बसलेले, आणि समोर गया. केस ओले, लुगडं धुतलेलं.

म्हणाली, "काकू, राग बिलकुल न्हाई. काय कमी पडलं तेवढं सांगा."

तुला सांगते, घरच्याला दिलं, एवढंच बोलायचं होतं. दोन शब्द. तिला राग आला असता, दोन दिवस बोलली नसती, आणि संपलं असतं. पण मला त्या मधल्या खुर्चीवरून खाली उतरायचं नव्हतं. ओसरीच्या कोपऱ्यात बालवाडीसाठी आणलेला नवा काळा फळा भिंतीला टेकवून ठेवलेला होता. माझं लक्ष त्याच्याकडं गेलं आणि तोंडातून निघालं, "तुझं अक्षर, गया. फळ्यावर अक्षर चांगलं लागतं. लेकरं तेच गिरवतात."

मी सुपात बघत होते. ती फळ्याकडं बघत होती. मंग म्हणाली, "बराबर. खरं कारण हाय काकू. खऱ्या कारणाचं वाईट वाटत न्हाई."

आणि गेली. माझ्या सुपातली ज्वारी अर्धी खाली सांडलेली होती.

तिचं अक्षर कसं होतं म्हणशील, तर साधं होतं. बाजरीच्या भाकरीसारखं, गोल, स्वच्छ, कोणालाही लागेल असं. तिचा अर्ज माझ्याच ट्रंकेत होता, मी परत काढून पाहिला. एक खोड नव्हती त्यात. आणि हे तिला सांगणारी कोण, तर कोंबडीचे पाय काढणारी मी.

पुढं जे झालं ते मला वाटलं नव्हतं. मला वाटलं, विसरून जाईल. गयानं चार रेघांची वही आणली आणि पहिलीतल्या पोरासारखी बाराखडी गिरवायला बसली. वही भरली की अंगणात रांगोळीनं. रांगोळी संपली की मागच्या भिंतीवर कोळशानं. भाकरी करायला बसली की परातीत पीठ पसरायची, त्यात बोटानं "क्ष" काढायची, त्याच्याकडं नीट बघायची आणि मगच पाणी घालायची. महिना झाला की एक कागद घेऊन माझ्याकडं हजर. बोटांवर फुंकर मारून कागद पुढं करायची आणि म्हणायची, आता?

आता मी काय म्हणणार? चांगलं आहे म्हटलं तर ती म्हणेल, मंग घ्या मला. म्हणून मी कागद उजेडाकडं धरायचे, डोळे बारीक करायचे, जसं काही मला कळतंच आहे. एकदा काहीच सापडेना, तवा म्हणाले, ळ जरा वाकडा येऊन राह्यला. ती म्हणाली, बराबर. आणि पुढचे सहा महिने ती ळ काढत राहिली. बाळ, केळ, तळं, मोळी, कळशी. तिच्या मागच्या भिंतीवर नुसते ळच ळ. गल्लीतल्या बायांना वाटलं हिनं काही नेम धरलाय.

एक खोटं बोललं की ते एकटं राहत नाही, त्याला सोबत लागते. हे मला तवा कळलं.

आणि ते खोटं माझ्या ओसरीतही राहिलं नाही, तिच्या घरात गेलं. तिची सासू तोंडाची तिखट. कारण काय सांगितलं हे तिला कळलं, आणि तिला हत्यारच मिळालं. भाकरी करपली की, अक्षरासारखीच केली. सडा वाकडा पडला की, अक्षरासारखाच. नळावर सगळ्या बायांसमोर म्हणायची, अक्षर न्हाई धड अन् निघाली मास्तरीण व्हायला. एकदा तिनं हे माझ्यासमोर म्हटलं आणि माझ्याकडं बघून हसली, मी पण हसावं म्हणून. गया कळशी भरत होती, तिनं मान वर केली नाही.

मी हसले, ऋतू. ओठ झाकून का होईना, पण हसले. ते हसणं मला आजही ऐकू येतं.

बालवाडीचं काय झालं ते पण सांगते. सात महिन्यांत वर्षा नवऱ्याबरोबर शहरात राहायला गेली. तोवर लेकरं निम्मी झालेली. सचिवबाई म्हणाल्या, आता तरी गयाला बोलवा. मला बोलवता आलं असतं. पण मनात आलं, ती फळ्यापुढं उभी राहिली, फळ्यावर ते अक्षर उमटलं, तर कोणीतरी म्हणेलच की हिला आधी का घेतलं नव्हतं. म्हणून मी म्हणाले, गावात अंगणवाडी आहेच की, आपली कशाला? आणि खोलीला कुलूप लावलं. तिसऱ्या दिवशी गया आली. मला वाटलं आता स्वतःबद्दल विचारणार. तर म्हणाली, "काकू, बालवाडीला काय कमी पडलं?"

मी म्हटलं, लेकरं कमी पडली. ती म्हणाली, बराबर.

त्यानंतर भांड्याच्या दुकानाचं झालं. एका लग्नात द्यायचा हंडा घेऊन ती नाव टाकायला गेल्ती. तिथल्या माणसानं नवरीच्या नावातला, वैशालीच्या शा चा काना खाऊन टाकला. गया म्हणाली, काना राह्यला. तो म्हणाला, कोण वाचतंय. ती म्हणाली, वैशाली वाचंल की, जन्मभर. दुकानदार आत बसून हे ऐकत होता. पुढं दिवाळीच्या तोंडावर तो माणूस काम सोडून गेला, तशी गया काम मागायला गेली. दुकानदार म्हणाला, बाई, हे मशीन हाताला झटके देतं, बायामाणसाचं काम नाही. झालं, तिसऱ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन ती दुकानापुढं उभी. त्यानं टाळायला म्हणून सांगितलं, हात बसायला लागतो. तिनं भंगारातलं एक चेपलेलं झाकण मागून घेतलं. रोज दुकान उघडायच्या वेळेला अर्धा तास मशीन मागायची आणि त्या झाकणावर बाराखडी काढायची. झाकण भरलं. दुकानदारानं ते हातात घेतलं, चष्मा लावला, आणि खिळ्याला टांगलं. अजून टांगलेलं आहे. आणि त्याच्यावरचा ळ बघशील तर बघतच राहशील.

तिची काम करायची रीत आहे. आधी नाव विचारणार. मग खडूनं भांड्यावर लिहिणार. मग ज्याचं भांडं त्याला मोठ्यानं वाचायला लावणार, आणि बराबर? असं विचारणार. हो म्हटल्याशिवाय मशीन सुरू नाही. तिचं म्हणणं, कागदावरचं खोडता येतं, फळ्यावरचं पुसता येतं, स्टीलवर एकदा गेलं की गेलं. आणि कोणी पुरुष आला, नुसतं स्वतःचं नाव टाक म्हणाला, की हिचा प्रश्न तयार, वहिनीचं नाव काय? तो म्हणणार, कशाला? ही म्हणणार, डब्यातले तांदूळ तुम्ही निवडता का? अशी करून करून तिनं आमच्या भागातल्या कितीतरी बायांची नावं त्यांच्याच स्वयंपाकघरात आणून बसवली. पंधरा-सोळा वर्षं झाली. आता माझ्याच घरात बघ. तांब्या उचलला की गयाचं अक्षर, पिठाचा डबा काढला की गयाचं अक्षर. पाणी पिता येत नाही मला तिची आठवण आल्याशिवाय.

तू म्हणशील, आजी, मग चांगलंच झालं की. तुझ्या खोट्यानं तिला अक्षर दिलं. हे मी पण स्वतःला फार वर्षं सांगितलं. एवढंच नाही. मागं मंडळानं कर्तबगार बायांचा सत्कार ठेवला, त्यात गयाचा पण होता. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. आणि मी माईकवर म्हणाले, गयाबाईच्या अक्षरात थोडा वाटा माझा पण आहे. टाळ्या पडल्या. गया खुर्चीतून उठली, सगळ्यांसमोर आली आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाली, काकूंनी खरं सांगितलं म्हणून.

त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही. तुझ्या आजोबांना वाटलं पित्त झालं.

तरी सांगितलं नाही मी तिला. माणूस किती दिवस गप्प बसू शकतो याचा काही नेम नाही.

आता या महिन्याचं ऐक. तुझी तिसरी मुलाखत चांगली झाली म्हटल्यावर मी घाई केली. नोकरीला डबा लागेल म्हणून तीन पुडाचा छान स्टीलचा डबा घेऊन ठेवला. म्हटलं नाव टाकून पाठवू. मंग तुझं ते वाक्य आलं. चार दिवस तो डबा कोनाड्यात तसाच. बाजाराच्या दिवशी सकाळी उठले, तो पिशवीत घातला आणि गेले.

गया एका घागरीवर फुंकर मारत होती. मला पाहून हसली. तुझं नाव विचारलं, खडूनं झाकणावर "ऋतुजा" लिहिलं, मला वाचायला लावलं. म्हणाली, नोकरी लागली वाटतं पोरीला. मी म्हटलं, न्हाई लागली. तिनं लगेच विचारलं, तिसऱ्या दिवशी गेल्ती का विचारायला? मी म्हटलं, फोन बंद करून बसलीय, म्हणते माझ्यातच कमी असंल. ती मशीन सुरू करता करता म्हणाली, "असं म्हणू देऊ नका काकू. इचारायचं. कारण कळलं की माणूस सुधारतो. माझंच बघा, तुम्ही तवा सांगितलं म्हणून."

मी म्हटलं, गया, तुझ्या अक्षरात काही कमी न्हवतं. वर्षाला घ्यायचं होतं, म्हणून मी खोटं बोलले.

ती तशीच खाली बघत ऋ ची शेपटी काढत होती. ती पुरी केली. मशीन बंद केलं. म्हणाली, "परत म्हणा. मशीन चालू होतं."

एवढं एकदा बोलायला मला इतकी वर्षं लागली होती, आणि आता परत. पण म्हटलं परत.

ती झाकणाकडं बघत राहिली. मग विचारलं, "अन् ळ?"

"ळ बी चांगला होता."

"सहा महिने गिरवला म्या."

बाजार चालू होता, बाजूला कोणीतरी मिरच्यांचा भाव करत होतं. गयानं मशीनवर फडकं टाकलं, आत दुकानदाराला सांगितलं येते म्हणून, आणि मला म्हणाली, "चला."

कुठं म्हटलं तर म्हणाली, "घरी. आत्याबाईला सांगा. मोठ्यानं सांगावं लागंल, त्यांना ऐकू कमी येतंय."

ती पुढं, मी मागं. एरवी तिच्या बरोबरीनं चालायला मला पळावं लागतं, पण त्या दिवशी ती सावकाश चालत होती आणि मलाच पाय उचलेना. अंगणात बाजेवर तिची सासू, ती म्हातारी, बसलेली. पार वाळून गेलीय. मी शेजारी बसले, कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं. म्हातारी म्हणाली, आँ? मी परत सांगितलं. परत आँ? मी गयाकडं पाहिलं. ती दाराला टेकून उभी होती. म्हणाली, "मोठ्यानं."

मंग मी ओरडले, ऋतू. सत्तरीची बाई मी, कधीकाळची मंडळाची अध्यक्ष, दुसऱ्याच्या अंगणात बसून ओरडले, गयाचं अक्षर चांगलं होतं, मी खोटं बोलले. समोरच्या घराची खिडकी उघडली. नळावरच्या दोघी-तिघी कळशा तशाच ठेवून कुडापाशी आल्या. म्हातारीला कळलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग सुनेकडं पाहिलं.

मग हळू म्हणाली, "मंग म्या येवढी वर्सं हिला बोलून राह्यले, ते?"

तिनं भिंतीकडं तोंड केलं. गया आली, तिच्या पायावरची गोधडी नीट केली आणि मला म्हणाली, दुकानात भांडी पडलीत, जाते.

मला चहा विचारला नाही. इतक्या वर्षांत त्या घरातून मी चहा घेतल्याशिवाय कधी उठले नव्हते. बरं केलं तिनं. पाजला असता तर तो माझ्या घशाखाली उतरला नसता.

पुन्हा बाजारात गेले, तर ती कामाला लागलेली होती. तुझ्या नावाची उरलेली अक्षरं टाकत होती. एक रेघ वाकडी गेली नव्हती. काम झाल्यावर तिनं झाकणावर फुंकर मारली, पदरानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं. माझ्याकडं बघितलं, अगदी सरळ, आणि म्हणाली, "पोरीला म्हणा, इचारायला जाय. पण सांगणाऱ्याचे डोळे कुठं हायेत ते आधी बघ. म्या त्या दिवशी फळ्याकडं बघितलं. तुमच्याकडं बघायचं राह्यलं."

आणि पुढची घागर ओढून घेतली. गिऱ्हाइकाला नाव विचारलं, वहिनीचं नाव विचारलं, खडू उचलला. मी थोडा वेळ उभी राहिले. छत्रीच्या सावलीत ती वाकलेली, मागं खिळ्याला ते झाकण, त्याच्यावर ऊन पडलेलं. तिनं परत मान वर केली नाही. आणि घरी आल्यावर माझ्या ध्यानात आलं की झाकण देताना तिनं मला काकू म्हटलं नव्हतं.

तर हे असं आहे. तू विचार त्यांना, जरूर विचार. खरं कारण निघालं तर उंचीसारखं हसून घे, नाहीतर सुधार. पण समोरचा सुपात बघून बोलत असेल तर घरी जाऊन ळ गिरवत बसू नकोस. जे कमी असतं ते दर वेळेला ज्याला नाही म्हटलं त्याच्यातच असतं असं नाही गं. कधी ते मधल्या खुर्चीत बसलेलं असतं.

डबा कोनाड्यात ठेवलाय, फडक्यात गुंडाळून. नोकरी लागल्यावरच न्यायचा असं काही त्याच्यावर लिहिलेलं नाही, नुसतं तुझं नाव लिहिलंय. तो न्यायला ये. पोस्टानं पाठवणार नाही मी, मागू पण नकोस. आणि आलीस की मला गयाच्या दारापर्यंत घेऊन चल. तिच्या रीतीनं मी तिसऱ्या दिवशी जायला पाहिजे होतं. केस धुतले, लुगडं बदललं, उंबऱ्यापर्यंत गेले आणि परत फिरले. आज पाचवा दिवस आहे. जल्दी ये, बाई. एकटीनं मला पाय उचलवत नाही.